शेवटचा अर्धा किलोमीटर

पुण्याच्या सदाशिव पेठेत रात्री अकराच्या सुमाराला अभ्यासिकांचे जिने पुन्हा गजबजतात. पाठीला सॅक, हातात पाण्याची बाटली, काखेत लक्ष्मीकांतांचं राज्यव्यवस्थेवरचं जाडजूड पुस्तक अशी पोरंपोरी खाली उतरतात, कोपऱ्यावर उभ्याउभ्या चहा घेतात, परवाच्या टेस्टमधला एखादा वादग्रस्त प्रश्न चघळतात आणि कॉट बेसिसवर घेतलेल्या खोलीकडे चालू लागतात. गावाकडे आईच्या जिवाला घोर लागलेला असतो, एवढ्या रात्री लेक रस्त्यावर! खरं तर त्या घटकेला ती गल्ली शहरातल्या कितीतरी जागांपेक्षा बरी असते, कारण ती माणसांनी भरलेली असते. हीच मुलगी सुट्टीत गावी यायला पहाटे साडेपाचला स्वारगेटला पोचते, तेव्हा मात्र घरचे निश्चिंत असतात. सकाळ झाली, एसटी स्टँड म्हणजे माणसांचा राबता, आता कसली काळजी?

काळजी चुकते ती इथे. रात्री बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांना दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक, बाहेर पडूच नका. दोन, कराटे शिका. पहिला अभ्यासिका, नोकरी, ग्रंथालय, रात्रीची गाडी यांच्यापुढे टिकत नाही, आणि दुसरा शिकायला चांगला असला तरी रात्री नेमकं काय बिघडतं याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. पाइपलाइन गळते ती बहुतेक वेळा जोडावर. रात्रीचा प्रवासही जोडावरच दगा देतो. गाडीत बसलेला माणूस बऱ्यापैकी सुरक्षित असतो, खोलीत पोचलेलाही. मधली दहा मिनिटं, म्हणजे गाडीतून उतरून रिक्षा मिळेपर्यंत, रिक्षा सोडून गेटपर्यंत, चुकलेल्या बसनंतर दुसरी येईपर्यंत, ही खरी राखायची.

25 फेब्रुवारी 2025 च्या पहाटे स्वारगेटला जे घडलं ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. फलटणकडे निघालेली 26 वर्षांची तरुणी बसची वाट पाहत होती. पोलिसांकडे नोंदवलेल्या तक्रारीनुसार एका माणसानं आदरानं बोलत कुठे जायचं ते विचारलं, बस इथे नाही, तिकडे लागली आहे असं सांगितलं आणि तिला आवारात उभ्या असलेल्या शिवशाही बसपर्यंत नेलं. बसमध्ये अंधार होता. तिला शंका आली, तर लोक झोपलेत म्हणून दिवे बंद आहेत, असं उत्तर मिळालं. ती आत चढली आणि तिच्यावर अत्याचार झाला. हे निर्जन माळावर घडलं नाही. हे पुण्यातल्या सगळ्यात वर्दळीच्या स्टँडच्या आवारात घडलं, पोलीस ठाणं हाकेच्या अंतरावर असताना.

त्याच्या अकरा वर्षं आधी, जानेवारी 2014 मध्ये, कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवर आंध्रातून परतलेली 23 वर्षांची इंजिनीअर पहाटे उतरली. तिला अंधेरीच्या वसतिगृहात जायचं होतं, तिथे ती पोचलीच नाही. काही दिवसांनी कांजूरमार्गजवळ महामार्गालगत तिचा मृतदेह सापडला. भाडं ठरवून सोडतो म्हणणाऱ्या माणसाबरोबर ती स्टेशनाबाहेर पडली, असं सरकारी पक्षाचं म्हणणं होतं. ज्याला खालच्या न्यायालयानं फाशी सुनावली, त्याची सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2025 मध्ये पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता केली. तिला कोणी मारलं याचं न्यायालयात टिकलेलं उत्तर त्यामुळे आपल्यापाशी नाही. ती हरवली कुठे, हे मात्र माहीत आहे: रेल्वे संपली आणि पुढचं वाहन सुरू व्हायचं होतं त्या जागी.

दोन्ही घटनांत वेळ पहाटेची आहे. दोघी प्रवासात होत्या, आणि सामान, अर्धवट झोप, लवकर पोचायची घाई या अवस्थेत माणूस समोरच्याचं पटकन ऐकतो. म्हणून पहिला नियम अगदी साधा आहे: स्टँडवर माहिती खिडकीतून घ्यायची, फलाटावरच्या कुणाकडून नाही. बस कुठे लागणार हे वाहतूक नियंत्रकाला माहीत असतं. समोरचा कितीही सभ्य असला तरी "थांबा, मी खिडकीवर विचारून येते" एवढं म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि भला माणूस त्यानं दुखावत नाही. ज्या बसमध्ये दिवा नाही आणि दारात कंडक्टर नाही, तिच्यात चढायचं एकही कारण नसतं. सुटायला वेळ असेल तर फलाटावर उभं राहावं.

दुसरा नियम वेळापत्रकाचा. शहरात रात्री एक पोकळी असते. पुण्यात मेट्रो रात्री अकराला थांबते आणि पीएमपीच्या रातराणी बस मोजक्याच मार्गांवर धावतात. मुंबईत लोकल साधारण एक ते चार बंद असते. लांब पल्ल्याची गाडी साडेतीनला पोचत असेल तर तुम्ही नेमके या पोकळीत उतरता. तिकीट काढताना हे बघायचं असतं, फलाटावर पाय ठेवल्यावर नाही. ज्यांना जमेल त्यांनी सातला पोचणारी गाडी घ्यावी. ज्यांना जमत नाही त्यांनी उजाडेपर्यंत प्रतीक्षालयात बसावं. दोन तास अंग आंबेल, डास चावतील, चहा भिकार असेल. चालेल.

आता रिक्षा. आमच्याकडे मुलाला वीस हजारांचा फोन घेऊन देणारे बाप रात्रीच्या रिक्षाचे ऐंशी रुपये ऐकले की डोळे वटारतात, आणि मग पोरगं मुख्य रस्त्यावर शेअर रिक्षातून उतरून अर्धा किलोमीटर अंधारात चालतं. त्या अर्ध्या किलोमीटरचे चाळीस रुपये हा रात्रीचा सगळ्यात शहाणा खर्च आहे. रात्री बारा ते पहाटे पाच मीटरवर जादा आकार लागतो, पुण्यात आणि मुंबईतही 25 टक्के. हे ठाऊक असलं की "नाइट आहे, डबल होईल" या वाक्याला उत्तर देता येतं. गल्लीच्या तोंडाशी नाही, फाटकाशी सोडायचं, हे बसायच्या आधीच ठरवावं. बसण्याआधी नंबर प्लेटचा फोटो काढून रूममेटला पाठवावा, आणि तो रिक्षावाल्याला दिसेल असा काढावा. काम करायला निघालेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. ॲपवरची गाडी असेल तर आधी नंबर जुळवायचा, मग चालकाला विचारायचं, "कुणाला न्यायला आलात?" आपलं नाव आपण सांगून "हो, तुम्हीच" हे उत्तर मिळवू नये.

फोनवरून लाइव्ह लोकेशन पाठवण्याचा रिवाज आता रुळलाय. व्हॉट्सॲपवर ते 15 मिनिटं, एक तास किंवा आठ तासांसाठी देता येतं. पंधरा मिनिटांचं पाठवून चाळीस मिनिटांच्या प्रवासाला निघणारे मी पाहिलेत. शिवाय लोकेशन कुणीतरी बघत असेल तरच उपयोगाचं. दहा जणांच्या ग्रुपवर टाकलेला नकाशा कुणीच उघडत नाही, एकाला पाठवा आणि त्याला सांगा, "साडेबारापर्यंत मेसेज आला नाही तर फोन कर, उचलला नाही तर पोलिसांना 112 वर कळव." अशी जोडी वसतिगृहात आधीच ठरलेली असेल तर रोज सांगावंही लागत नाही.

गल्लीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या जेन जेकब्स यांनी 1961 साली 'द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज' लिहिलं. फुटपाथ सुरक्षित राहतो तो तिथल्या लोकांच्या नजरेनं, दुकानदार, खिडकीतल्या बायका आणि येणारेजाणारे यांच्या जोरावर. पोलीस त्यानंतर, असा त्यांचा दावा होता. आपल्याकडे हे पटवायला पुस्तक लागत नाही. अंडाभुर्जीची गाडी, पानटपरी, रात्रभर उघडं असणारं औषधाचं दुकान, इस्त्रीवाल्याचं बाकडं यांनी गल्ली जागी राहते. गाडी उचलून नेली आणि शटर पडलं की तीच गल्ली अर्ध्या तासात ओस पडते. दिव्यांबद्दल तर आकडाही आहे. न्यूयॉर्कनं 2016 मध्ये काही सरकारी वसाहतींत चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून प्रखर दिवे बसवले आणि काहींत बसवले नाहीत. जिथे बसवले तिथे रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे 36 टक्क्यांनी घटले. तेव्हा खोली बघायला जाल तर भाडं आणि पाणी विचारून परत फिरू नका. रात्री साडेदहाला पुन्हा एकदा तिथपर्यंत चालत जा. बसथांबा ते दार एवढ्या अंतरात किती दिवे चालू आहेत, कोणतं दुकान किती वाजता मिटतं, बांधकामाचे पत्रे कुठे लावलेत, कुत्र्यांची टोळी कुठे बसते, हे दिवसा दिसत नाही. घरमालक तर सांगणारच नाही.

इथे एक अडचणीचा मुद्दा येतो. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायका आणि सार्वजनिक जागा यांवर 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक 2011 मध्ये लिहिलं. सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींना घरात बसवणं हा उपाय नव्हे, मुलींनाही कामाशिवाय रस्त्यावर रेंगाळायचा हक्क हवा, आणि जितक्या जास्त बायका रस्त्यावर असतील तितका रस्ता सगळ्यांना बरा होईल, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. या प्रकरणातल्या सूचनांचा अर्थ कुणी "म्हणून मुलींनी बाहेर जाऊ नये" असा लावला तर तो उफराटा होईल. 2015 मध्ये दिल्लीतल्या विद्यार्थिनींनी वसतिगृहांच्या वेळेविरुद्ध 'पिंजरा तोड' ही मोहीम सुरू केली, तिच्यामागचा एक हिशेब पालकांनी समजून घ्यावा असा आहे. दहाला फाटक लागतं. मुलगी दहा वीसला पोचते. आता ती काय करते? वॉचमनची विनवणी करते, नाहीतर ज्याच्याकडे एरवी गेली नसती अशा ओळखीच्याकडे रात्र काढते, नाहीतर रिक्षावाल्याला जोरात पळवायला सांगते. फाटक बंद करून वसतिगृहानं आपली जबाबदारी संपवली आणि धोका तिच्या गळ्यात घातला. उशिरा आलेल्याची नोंद करा, घरी कळवा, पण दार उघडा. शिवाय दाराच्या आत सारं ठीक असतं असंही नाही. जून 2023 मध्ये मुंबईत चर्नी रोडजवळच्या सरकारी वसतिगृहात एका 18 वर्षांच्या विद्यार्थिनीचा तिच्याच खोलीत खून झाला. संशय होता तो तिथल्याच एका कर्मचाऱ्यावर. त्यानं त्याच दिवशी रेल्वेखाली जीव दिला.

अनोळखी माणसाच्या भीतीबद्दलही हेच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत वर्षानुवर्षं दिसतं की बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. रात्रीच्या पार्टीनंतर "मी सोडतो ना" म्हणणारा वर्गमित्र आणि रस्त्यावरचा अनोळखी यांत आपण ज्याच्याकडे संशयानं बघतो तो दुसरा. याचा अर्थ मित्रांना गुन्हेगार समजावं असा नाही. एकत्र गेलेल्यांनी एकत्र परतायचं, ज्यानं जास्त घेतली आहे त्याला किंवा तिला कुणा एकाच्या हवाली करून बाकीच्यांनी निघायचं नाही, आणि आपला ग्लास टेबलावर सोडून गेलो तर परत आल्यावर तो प्यायचा नाही, एवढं पथ्य पुरे.

मुलांना वाटतं की हे सगळं मुलींसाठी आहे. त्यांच्या वाट्याला वेगळं येतं. मोटारसायकलवरून आलेले दोघं फोन हिसकावतात, तिघं अडवून खिसे रिकामे करतात, नाहीतर "काय बघतोस?" वरून हाणामारी होते आणि कुणाकडे तरी कोयता निघतो. इथे माझं मत ठाम आहे: फोन द्यावा. फोन चोरीला गेल्यावरची कामं अर्ध्या तासाची आहेत. दुसऱ्याच्या फोनवरून आधी सिम बंद करायचं, बँकेला सांगून यूपीआय आणि कार्ड थांबवायचं, पैसे गेलेच तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवायचं, मग पोलिसांत तक्रार देऊन संचार साथी या सरकारी पोर्टलवर आयएमईआय नंबर टाकून फोनच निकामी करायचा. मे 2023 पासून ही सोय देशभर आहे. आयएमईआय कळतो *#06# हे दाबून; तो आजच वहीत लिहून ठेवावा, कारण फोन गेल्यावर तो फोनमधून बघता येत नाही.

टेकडीवर बसलेल्या जोडप्यांची लूट हा जुना धंदा आहे. वेताळ टेकडी असो, तळजाई असो की घाटातलं वळण, अंधार पडल्यावर दोघंतिघं येतात, "आम्ही पोलीस आहोत, चला चौकीवर, घरी फोन लावतो" म्हणतात आणि पैसे, सोनं, फोन काढून घेतात. ऑक्टोबर 2024 मध्ये बोपदेव घाटात तर याच्याही पलीकडे गेलं: मित्राला बांधून घातलं आणि 21 वर्षांच्या तरुणीवर तिघांनी बलात्कार केला. या लुटारूंचं भांडवल हत्यार नसतं, "घरी कळेल" ही मुलांची धास्ती. ती धास्ती नसेल तर त्यांचा निम्मा धंदा बसतो. दोन सज्ञान माणसांनी सार्वजनिक जागी शेजारी बसणं हा गुन्हा नाही. पोलीस म्हणवणाऱ्याकडे ओळखपत्र मागा, "चौकीवरच बोलू" म्हणा आणि त्याच्यासमोर 112 लावा. खरा पोलीस त्याला हरकत घेणार नाही. पण हत्यार दिसलं की वाद थांबवायचा. आणि पालकांनी आपल्याकडे बघावं. मुलगी टेकडीवर कुणाबरोबर होती याचा जाब ती सुखरूप घरी आल्यावर चार दिवसांनी विचारता येईल. पहिल्या फोनवर ओरडा बसणार हे ज्या घरात नक्की असतं, तिथे पहिला फोन येतच नाही.

एवढं सगळं लिहून झाल्यावर सांगायला हवं की रात्री बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याच्या जिवाला सगळ्यात मोठा धोका गुन्हेगाराचा नसतो, वाहनाचा असतो. 2022 या एका वर्षात देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यांत दुचाकीवरचे सुमारे 75 हजार, आणि सुमारे 50 हजार जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. मेलेल्यांपैकी दोन तृतीयांश 18 ते 45 वयाचे. पुण्यात 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शनं मोटारसायकलवरच्या दोन तरुण इंजिनीअरांना चिरडलं. ती गाडी 17 वर्षांचा मुलगा चालवत होता. ते दोघं कोणत्याही अंधाऱ्या गल्लीत गेले नव्हते. पेपर संपल्यावर मध्यरात्री सिंहगडच्या पायथ्याला नाहीतर लोणावळ्याला मॅगी खायला निघालेल्या ट्रिपल सीट पोरांना मात्र आपण "तरुणपण आहे" म्हणून सोडून देतो. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवं. दारू पिऊन चालवताना पहिल्यांदा सापडलं तर दहा हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, हे सांगून फारसं कुणी थांबत नाही. तेव्हा निघायच्या आधी चावी न पिणाऱ्याच्या खिशात जावी, बस.

कुत्र्यांचंही इथेच सांगून टाकतो. दुचाकीमागे धावली तर वेग वाढवण्यापेक्षा कमी करणं बरं, पडल्यानं जास्त लागतं. चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, त्यावर हळद-चुना काही लावायचं नाही आणि रेबीजची पहिली लस त्याच दिवशी घ्यायची.

समजा, तरीही प्रसंग आलाच. मदतीला कुणी येत नाही, हा समज कुठून आला त्याची गोष्ट मजेशीर आहे. 1964 मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीचा रस्त्यात खून झाला आणि 38 जणांनी तो नुसता बघितला, अशी बातमी छापून आली. पुढे ती बातमी बरीचशी फुगवलेली निघाली. पण तिच्यावरून जॉन डार्ली आणि बिब लाटाने या मानसशास्त्रज्ञांनी 1968 मध्ये एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून हेडफोनवर बोलायला लावलं आणि मध्येच एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवला. आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटलं त्यांच्यातले 85 टक्के लगेच मदतीला उठले. आणखी चार जण ऐकताहेत असं वाटणाऱ्यांतले फक्त 31 टक्के. गर्दीतला प्रत्येक जण दुसऱ्यावर सोडतो.

पण 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ॲमस्टरडॅम, केप टाउन आणि इंग्लंडमधलं लँकेस्टर इथल्या रस्त्यांवरच्या 219 भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं, तेव्हा दहापैकी नऊ भांडणांत किमान एक तिऱ्हाईत मध्ये पडलेला दिसला. माणसं जितकी जास्त, तितकी कुणीतरी मध्ये पडण्याची शक्यता जास्त. पुण्यानं हे आपल्या डोळ्यांनी पाहिलं. 27 जून 2023 रोजी सदाशिव पेठेत भर सकाळी एक तरुण ओळखीच्या मुलीमागे कोयता घेऊन धावला. त्या चित्रणात लोक बाजूला होताना दिसतात, आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा मागून येऊन कोयत्याचा हात धरतानाही दिसतो. त्यानं धरल्यावर बाकीचे पुढे झाले. पहिला माणूस पुढे आला की दुसरा यायला वेळ लागत नाही.

म्हणून ओरडायचं ते हवेत ओरडू नये. "वाचवा" हे सगळ्यांना असतं, म्हणजे कुणालाच नसतं. "ओ लाल शर्टवाले काका, हा माणूस माझ्या ओळखीचा नाही, पोलिसांना फोन करा" हे एकाच माणसाला असतं आणि त्याला ते टाळता येत नाही. माझ्या ओळखीचा नाही, हे शब्द तर हवेतच, नाहीतर बघणारे "नवराबायकोचं भांडण दिसतंय" म्हणून पुढे जातात. तुम्ही बघणाऱ्यांत असाल तर मारामारीत उडी घ्यायलाच हवी असं नाही. त्या मुलीपाशी जाऊन "अगं, तू इथे? आम्ही कधीची वाट बघतोय" एवढं म्हटलं तरी पाठलाग करणारा बहुधा सटकतो.

मिरचीचा स्प्रे बाळगायला परवाना लागत नाही. तो पर्सच्या तळाशी कंगव्याखाली असेल तर असून नसून सारखा. चालताना हातात किंवा वरच्या खिशात हवा, वारा आपल्याकडे येत नाही ना हे बघावं, आणि डब्यावर मुदत छापलेली असते ती वाचावी. जीव किंवा अब्रू वाचवण्यासाठी प्रतिकार करायचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये दिलेला आहे, तेव्हा हात उगारला म्हणून आपणच अडकू ही भीती नको. पण प्रतिकाराचा हेतू जिंकणं हा नाही. दहा पावलं मिळवून उजेडाकडे पळणं एवढाच.

112 हा क्रमांक लॉक असलेल्या फोनवरूनही लागतो. आयफोनची बाजूची कळ तीनदा दाबून आणि बहुतेक नव्या अँड्रॉइड फोनची पॉवरची कळ पाचदा दाबून आपत्कालीन फोन जातो, पण सेटिंगमध्ये ते चालू आहे ना हे आधी बघावं. बटणांच्या साध्या फोनवर 5 किंवा 9 दाबून धरायचं. रेल्वेत असाल तर 139. फोन लागल्यावर पहिलं वाक्य "माझ्याबरोबर असं असं झालं" हे नसावं, "मी अमुक ठिकाणी आहे" हे असावं. मध्येच फोन तुटला तर गाडी निदान निघते तरी. परक्या शहरात जागेचं नाव माहीत नसेल तर जवळच्या दुकानाची पाटी वाचून दाखवा. खालच्या बारीक अक्षरांत बहुतेकांनी पत्ता दिलेला असतो.

तक्रार कुठल्या हद्दीत बसते ही तुमची डोकेदुखी नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कुठेही घडला असला तरी समोरच्या ठाण्यानं दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची असते. पुढे ती योग्य ठाण्याकडे पाठवायचं काम त्यांचं. नोंदीची प्रत फुकट मिळते. लैंगिक गुन्ह्यात जबाब महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो. साक्षीदार म्हणून जबाब द्यायचा असेल तर पोलिसांनी स्त्रीकडे तिच्या राहत्या जागी यायचं असतं, तिला ठाण्यात बोलवायचं नसतं. बलात्कारपीडितेवर सरकारीच नव्हे तर खासगी रुग्णालयानंही लगेच मोफत प्रथमोपचार करायला हवेत. आधी एफआयआर आणा म्हणून परत पाठवता येत नाही. अंघोळ न करता जावं आणि अंगावरचे कपडे धुऊ नयेत, बदललेच तर कागदी पिशवीत घालून बरोबर न्यावेत. ठाण्यानं नोंद घ्यायला नकार दिला तर तोच मजकूर लिहून पोलीस अधीक्षकांना, शहरात आयुक्तालयातल्या वरिष्ठांना, टपालानं पाठवता येतो. माहिती ऑनलाइन दिली असेल तर तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन त्यावर सही करावी लागते. सही करायला जाताना एकटं जाऊ नका. रूममेट असेल, नाहीतर अभ्यासिकेतलं कुणी असेल, आणि दुपारीच जाऊन या.